वर्गातले व्याकरण: नियमाने काय शिकवावे, वाचनावर काय सोडावे

भाषा शिकताना 'व्याकरण' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडी असलेली व्यवस्था. ती त्याला सांगता येत नाही, पण त्याचे एकही वाक्य तिच्याबाहेर जात नाही. दुसरी म्हणजे त्या व्यवस्थेचे पुस्तकात केलेले वर्णन: नाम, सर्वनाम, विभक्ती, प्रयोग, समास. पहिली मूल घरातच उचलते, आणि शाळेत नाव घालण्याआधी ती बहुतांशी तयार झालेली असते. दुसरी शिकवावी लागते. व्याकरण शिकवावे की नाही हा जुना वाद या दोहोंची गल्लत झाल्यामुळे चालत आला आहे. शिक्षकापुढचा प्रश्न त्याहून लहान आणि कामाचा आहे. कोणती गोष्ट नियम सांगून शिकवली तर मुलाचे श्रम वाचतात? आणि कोणती गोष्ट नियमात बसतच नाही, म्हणून वाचनावर आणि कानावर सोडावी लागते?

जिथे एकाच वर्गात अनेक बोली येऊन बसतात तिथे हा प्रश्न रोज समोर येतो. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे असे गाव आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे पेठ आणि कसबे असे दोन भाग. इथल्या बोलण्याला तावडीचे वळण आहे. उत्तरेकडे भुसावळ, यावल, रावेर या बाजूला गेले की लेवा गणबोली, पश्चिमेला अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात अहिराणी. तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी वळणाची उर्दू-हिंदी. पाठ्यपुस्तकातली मराठी यांपैकी फार थोड्या घरांत जशीच्या तशी बोलली जाते. तेव्हा पहिलीत बसलेल्या मुलाला प्रमाण मराठी ही निम्मी ओळखीची, निम्मी नवी असते, आणि व्याकरण शिकवणाऱ्याने हे मनात धरूनच सुरुवात केली पाहिजे.

मुलाने घरून आणलेली व्यवस्था

तावडी किंवा लेवा बोलणारे मूल 'मला' न म्हणता 'मले' म्हणते, 'तुला' न म्हणता 'तुले', 'त्याला' न म्हणता 'त्याले'. 'मी काम करतो आहे' याऐवजी ते 'काम करू राह्यलो' म्हणते. 'डोळा' त्याच्या तोंडी 'डोया' होतो, 'काळा' 'काया' होतो, 'पाणी' 'पानी' होते. वहीत हे उतरले की लाल शाई फिरते आणि शेरा पडतो: अशुद्ध. या शेऱ्याने मुलाला काहीच कळत नाही, कारण त्याने नियम मोडलेला नसतो. 'ले' हा प्रत्यय ते एखाद्या वेळी लावते आणि एखाद्या वेळी विसरते असे होत नाही. जिथे प्रमाण मराठीत 'ला' येतो तिथे ते तो नेमाने लावते. नेमाने होणारी गोष्ट म्हणजेच व्याकरण. चूक ही अनियमित असते, बोली अनियमित नसते.

अहिराणीचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. प्रमाण मराठीत 'बाप' या शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे 'बापा-' असे सामान्यरूप होते: बापाला, बापाचा. अहिराणीत 'बापले', 'बापना'. प्रत्यय थेट शब्दाला चिकटतो. 'घरात' याचे 'घरमा', 'माझा' याचे 'मना', 'आहे' याचे 'शे'. वर्तमानकाळात 'मी करस, तू करस, तो करस' असे तिन्ही पुरुषांना एकच रूप चालते. ही प्रमाण मराठीची मोडतोड नव्हे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचा, म्हणजे अहिराणीचा, समावेश मराठीच्या खंडात नाही. 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांबरोबर तिचे वर्णन येते. ही वर्गवारी पुढच्या अभ्यासकांना सगळीच पटलेली नाही. पण अहिराणीची बांधणी मराठीहून पुरेशी वेगळी आहे, हे त्यावरून दिसते. धुळ्याहून पहूरला राहायला आलेल्या कुटुंबातले मूल 'बापाला'मधला आकार विसरत असेल, तर ते त्याच्या भाषेत नसलेली एक पायरी गाळत असते. ती पायरी त्याला दाखवून दिली की काम होते. 'नीट लिही' असे दहा वेळा सांगून होत नाही.

याच भागातल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतरांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांचा संग्रह 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. व्याकरणाचे पुस्तक न पाहिलेल्या बाईच्या रचनेत प्रत्यय, लिंग आणि क्रियापदांची रूपे किती काटेकोर असतात, हे वर्गात दाखवण्यासाठी दुसरा दाखला शोधावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना तिथे शब्दार्थांची यादी लागते. जळगाव जिल्ह्यातल्या मुलाला ती बहुधा लागत नाही. शिक्षकाने हा फायदा वाया घालवू नये. त्यांची एखादी कविता फळ्यावर लिहून 'ले' आलेले सगळे शब्द मुलांना शोधायला लावावेत, आणि मग प्रत्येकाचे पाठ्यपुस्तकातले रूप शेजारी लिहून घ्यावे. विभक्तीचा हा पहिला धडा चौथीच्या मुलालाही झेपतो, आणि त्यात 'विभक्ती' हा शब्द उच्चारावाही लागत नाही.

कोणते नियमाचे, कोणते वाचनाचे

बोलीकडून लेखी मराठीकडे जाताना काही वाटा सरळ असतात. 'मले' दिसले की 'मला' लिहायचे, 'तुले' दिसले की 'तुला'. इथे फसवाफसवी नाही. एकदा कळले की कायमचे कळले. अनेकवचनाच्या अनुस्वाराचेही तसेच. एकाचा उल्लेख असेल तर 'मुलाने', 'घरात'. अनेकांचा असेल तर 'मुलांनी', 'घरांत'. अर्थ माहीत असला की अनुस्वार आपोआप ठरतो, म्हणून हा नियम सांगून, पाचसहा जोड्या करून घेऊन मोकळे व्हावे. यावर महिनाभर शुद्धलेखन घालणे म्हणजे मुलांचा वेळ घालवणे.

'ळ' आणि 'ण' यांची गोष्ट याच्या उलट आहे, आणि बहुतेक वर्गांत नेमकी इथेच गफलत होते. प्रमाण 'ळ'चा बोलीत 'य' होतो, हा एका दिशेचा नियम आहे. मुलाला मात्र उलट दिशेने जायचे असते. त्याच्या तोंडच्या 'य'मागे कधी 'ळ' असतो, कधी खराच 'य' असतो. 'डोया'चा 'डोळा' करायचा, पण 'गाय'ची गाय तशीच ठेवायची. कुठे काय, हे त्याच्या बोलीतून कळण्याला मार्ग नाही. 'य बोलतोस तिथे ळ लिही' असे सांगितलेले मूल 'कायदा'चा 'काळदा' करून मोकळे होते. अशी अतिदक्षतेची चूक वहीत दिसू लागली की समजावे, नियम शिकवू नये तिथे शिकवला गेला आहे. 'पाणी', 'लोणी', 'कोण' आणि दुसरीकडे 'पान', 'कान', 'मान' यांचेही असेच. या ठिकाणी एकच उपाय चालतो: शब्द डोळ्यांखालून पुष्कळ वेळा जाणे. मोठ्याने वाचन, ऐकून लिहिणे, पाहून लिहिणे, गोष्टीची पुस्तके. शिक्षकाने स्वतः वाचताना 'ळ' आणि 'ण' स्पष्ट उच्चारावेत, एवढी व्याकरणाची मदत इथे पुरे.

लिंगाची बाब मध्ये कुठेतरी बसते. 'भिंत' स्त्रीलिंगी का आणि 'शेत' नपुंसकलिंगी का, याला शिकणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे कारण नाही. ते शब्दागणिक लक्षात राहते. पण लिंग एकदा कळले की पुढचे बरेचसे नियमाने सुटते. अकारान्त स्त्रीलिंगी नामे सामान्यरूपात कधी 'ए' घेतात (वाटेला, जिभेला, वेळेला), कधी 'ई' (भिंतीला, सहलीला, म्हशीला). पुस्तकांत या दोन याद्या पाठ करायला दिलेल्या असतात. पाठांतराची गरज नाही. त्या शब्दाचे अनेकवचन विचारावे. वाटा, जिभा, वेळा असे आकारान्त अनेकवचन असेल तर 'ए'. भिंती, सहली, म्हशी असे ईकारान्त असेल तर 'ई'. अनेकवचन मुलाला घरचेच येत असते, म्हणून अपरिचित वाटणारे रूप ते परिचित रूपावरून काढू शकते. असे दुवे हाती देणे हे शाळेतल्या व्याकरणाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

प्रयोगांबद्दल शाळांमध्ये उगाच धास्ती असते. 'मुलीने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने कैरी खाल्ली' यांत क्रियापद कोणाच्या मागे चालते, हे मराठी घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही. 'मुलीने आंबा खाल्ली' असे ते म्हणणारच नाही. 'मी धडा विसरलो', 'मी पाणी प्यायलो' अशी वाक्ये वरवर पाहता नियमाच्या बाहेरची आहेत, तीही ते सहज बोलते. म्हणून अशा मुलासाठी प्रयोग हा लेखन सुधारण्याचा धडा नाही. आपल्या तोंडात आधीच असलेली गुंतागुंत पाहण्याचा तो धडा आहे, आणि तसाच तो शिकवला तर मुलांना त्यात गंमत वाटते.

एक तास: कापूस, जमीन, केळी

नियम शिकवण्याची उपयोगी पद्धत एका उदाहरणात दाखवता येईल. विषय ऱ्हस्व-दीर्घाचा, सातवी किंवा आठवीचा वर्ग. फळ्यावर गावातलेच शब्द घ्यावेत: कापूस, तांदूळ, लाकूड, माणूस, पाऊस. प्रत्येकाला 'चा' किंवा 'ला' लावून मुलांकडून वाक्ये काढावीत. कापसाचा भाव, तांदळाचे पोते, लाकडाची मोळी, माणसाला, पावसाला. आता दुसरी ओळ: जमीन, वकील, गरीब, खजूर. जमिनीचा, वकिलाला, गरिबाला, खजुराचा. पहिल्या ओळीतला 'ऊ' पूर्ण नाहीसा होऊन 'अ' झाला ('पाऊस'मध्ये 'व'); दुसऱ्या ओळीतला ई-ऊ गेला नाही, फक्त ऱ्हस्व झाला. असे का, हे शिक्षकाने सांगू नये. दहा मिनिटे वाट पाहावी. बहुतेक वर्गांत कुणीतरी पहिल्या अक्षराकडे बोट दाखवतोच: पहिल्या ओळीत का, तां, ला, मा, पा, दुसऱ्या ओळीत ज, व, ग, ख. सुरुवातीचे अक्षर दीर्घ असेल तर मधला ई-ऊ जातो, ऱ्हस्व असेल तर राहतो पण ऱ्हस्व होतो. मग नवे शब्द द्यावेत: बेरीज, काळीज, ढेकूळ. बेरजेला, काळजाला, ढेकळाला. नियम टिकला. अपवाद सापडला तर त्याचे स्वागत करून तो वहीच्या वेगळ्या पानावर लिहावा.

त्यानंतर तिसरी ओळ: शरीर, नीती, परीक्षा. शरीराला, नीतीचा, परीक्षेला. इथे दीर्घ तसाच राहिला. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत, त्यांना हा नियम लागू होत नाही, एवढे आता शिक्षकाने सांगावे. कारण ते मुलांना शोधून सापडण्यासारखे नाही. 'तत्सम' ही संज्ञा इथे प्रथम द्यावी. गरज निर्माण झाल्यावर दिलेली संज्ञा डोक्यात राहते. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली लेखनविषयक नियम ठरवले आणि 1972 साली त्यांत भर घालून ते अठरा झाले. वर सापडलेला नियम त्यांत लिहिलेलाच आहे. तो मुलांना शेवटी वाचून दाखवावा. आपण शोधलेली गोष्ट छापील नियमात पाहणे आणि छापील नियम आधी पाठ करून उदाहरणे शोधणे, यांत फरक आहे.

जळगाव जिल्ह्यात लिंग आणि सामान्यरूप शिकवायला केळीसारखा दुसरा शब्द नाही. झाड असेल ते 'केळ', स्त्रीलिंगी; फळ असेल ते 'केळे', नपुंसकलिंगी; दोघांचे अनेकवचन 'केळी'. प्रत्यय लागला की ती पुन्हा वेगळी होतात: केळीला पाणी दिले, केळ्याची साल काढली, केळीचा घड, केळ्यांची फणी. नुसत्या 'केळी' या शब्दावरून झाडे की फळे, हे सांगता येत नाही. 'एक केळ कापली' आणि 'एक केळे कापले' म्हटले की लगेच कळते. बागाईतदाराच्या घरातले मूल या बाबतीत शिक्षकाच्याही पुढे असू शकते. त्याला बोलू द्यावे.

मराठी ज्यांची घरची भाषा नाही

आतापर्यंतचे विवेचन मराठीची कोणती ना कोणती बोली घेऊन आलेल्या मुलांचे. ज्यांच्या घरी उर्दू, हिंदी किंवा गोरमाटी आहे त्यांच्यासाठी हिशेब बदलतो. वरच्या मुलांना प्रयोग शिकवण्याची गरज नव्हती. या मुलांना आहे. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे उर्दू शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना तर हा विचार करावाच लागतो.

हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या अडचणी ठरलेल्या जागी येतात, म्हणून त्यांची आधीच तयारी करता येते. त्याच्या भाषेत दोन लिंगे, मराठीत तीन. त्यामुळे नपुंसकलिंगाची नामे ते पुल्लिंगाकडे ओढते: 'पाणी गरम झाला'. हिंदीत भूतकाळी 'मैंने' म्हणावे लागते, त्याच वळणाने ते 'मीने केले' असे काहीतरी बनवते. मराठीत 'मी' आणि 'तू' यांना हा प्रत्यय लागत नाही, 'त्याने' आणि 'तिने' यांना लागतो, हे एका वाक्यात सांगता येते आणि सांगावेच. 'मैंने पानी पिया' पण 'मी पाणी प्यायलो', ही जोडीही मुद्दाम शेजारी ठेवावी. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद हिंदीत नाही. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले की ऐकणारा वगळला जातो, 'आपण जेवायला बसू' म्हटले की तो सामील होतो. हा भेद नकळत चुकला तर व्याकरणाची चूक न वाटता उद्धटपणा वाटतो, म्हणून तो लवकर शिकवावा, तोही लिहून न देता दोन मुलांना पुढे उभे करून.

तांड्यावरून येणाऱ्या मुलाची परिस्थिती जास्त नाजूक असते. गोरमाटीची बांधणी मराठीपेक्षा राजस्थानी भाषांना जवळची आहे, आणि शिक्षकाला ती बहुधा येत नाही. पण प्रत्ययांची एक लहान यादी मुलांकडूनच करून घेता येते: 'आईला', 'घरात', 'उद्या जाईन' हे तुमच्याकडे कसे म्हणतात? अशी वीस वाक्ये जमली की मुलाच्या चुका कुठून येतात ते दिसू लागते. या मुलांना पहिली दोन वर्षे व्याकरणाच्या दुरुस्त्या जवळजवळ करूच नयेत. त्यांना आधी बोलते करणे महत्त्वाचे. सतत अडवले गेलेले मूल चुकायचे थांबते खरे, पण बोलायचे थांबून.

संज्ञा केव्हा द्याव्यात

मराठी व्याकरणाच्या संज्ञांना स्वतःचा इतिहास आहे. विल्यम कॅरीचे मराठीचे व्याकरण 1805 साली सेरामपूरला छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 1836 साली आले आणि शाळांतून रुजले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे. या परंपरेत संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांचे साचे मराठीला लावले गेले, आणि त्यांतले काही आजही मुलांना जाचतात. आठ विभक्त्यांचा तक्ता हे त्याचे ठळक उदाहरण. संस्कृतात प्रत्येक विभक्तीचे रूप बहुतेक ठिकाणी वेगळे असते, तिथे तक्ता कामाचा आहे. मराठीत 'मुलाला मारले' यातला 'ला' दुसरीचा आणि 'मुलाला पैसे दिले' यातला चौथीचा, असे सांगितले की हुशार मूल विचारते, दोन्ही सारखेच दिसतात तर नावे दोन का? याचे प्रामाणिक उत्तर अर्थाकडे बोट दाखवूनच देता येते. उलट 'झाडाला', 'झाडावर', 'झाडाखाली', 'झाडापर्यंत' या सगळ्यांत 'झाडा-' हे एकच सामान्यरूप येते, ही मराठीची खरी यंत्रणा. पण त्यातला एकच शब्द तक्त्यात मावतो आणि बाकीचे शब्दयोगी अव्ययांच्या दुसऱ्या धड्यात जातात. अरविंद मंगरूळकरांनी 1964 साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' केला तो अशाच शंकांमुळे. शाळेत तो फारसा पोचलेला नाही.

व्यवहारात असे करावे. पहिली-दुसरीत संज्ञा नकोत. तिसरीपासून नाम, क्रियापद, एकवचन-अनेकवचन अशा मोजक्या संज्ञा, त्याही वाक्ये हाताळून झाल्यावर. सहावीपासून सामान्यरूप, विभक्तीच्या आधी सामान्यरूप, हा क्रम मात्र मोडू नये. समास, प्रयोग, अलंकार यांचे वर्गीकरण आठवीच्या पुढे. दहावीच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाचा स्वतंत्र विभाग असतो, आणि तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना तर संज्ञाच विचारल्या जातात; मो. रा. वाळंब्यांचे पुस्तक त्यासाठीच घरोघर दिसते. परीक्षेसाठी त्या पाठ कराव्या लागतील, त्यात कमीपणा नाही. फक्त 'बहुव्रीही' ओळखता आला म्हणजे अर्ज नीट लिहिता येईल, अशी समजूत करून घेऊ नये. ती दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो.

इंग्रजीचा तास

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. खेड्यातल्या मुलासाठी ती परिसरात ऐकू न येणारी भाषा, म्हणून मराठीचे तर्क तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. 'ही', 'शी' यांच्या पुढे वर्तमानकाळी क्रियापदाला 'स' लागतो, हा नियम सहावीतल्या मुलाला तोंडपाठ असतो. तेच मूल बोलताना 'ही गो' म्हणते. अमेरिकी अभ्यासक स्टीफन क्रॅशेन यांनी 1982 च्या पुस्तकात याचे एक स्पष्टीकरण दिले आहे. शिकलेला नियम बोलणाऱ्याच्या आत तपासनिसासारखे काम करतो. त्याला वेळ मिळाला आणि लक्ष रूपाकडे असले तरच तो चालतो. बोलताना दोन्ही नसतात. त्यांचे सगळे सिद्धान्त सर्वमान्य नाहीत, पण एवढा भाग वर्गात रोज दिसतो. म्हणून मूल बोलत असताना 'स' राहिला तर अडवू नये. लिहून झाल्यावर 'आता फक्त क्रियापदे तपास' असे सांगून पाच मिनिटे द्यावीत. नियमाची जागा तिथे आहे.

एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातल्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवरची कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. पहूरच्या शिक्षकाला यासाठी सामग्री आणावी लागत नाही. जामनेर, पाचोरा, जळगावकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात आणि विचारावे: अकरा वाजता जळगावला पोचायचे तर कोणती गाडी? उत्तर मिळेपर्यंत भाषा वापरली जाते. त्यानंतर त्याच उत्तरांतली दोन चुकीची वाक्ये घेऊन दहा मिनिटे व्याकरण. तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या हे खरे. पण त्या मुलांकडे वेळही होता आणि दुसरे पुस्तकही नव्हते.

वह्या तपासताना

एका निबंधातल्या सगळ्या चुका लाल करणे हे शिक्षकाच्या समाधानाचे काम आहे. मूल त्यातले काही वाचत नाही. एका वेळी एकच प्रकार घ्यावा. या आठवड्यात अनेकवचनाचे अनुस्वार, पुढच्या आठवड्यात सामान्यरूपातले ऱ्हस्व-दीर्घ. चुकीच्या शब्दाखाली फक्त रेघ मारावी आणि दुरुस्ती मुलाला करू द्यावी. नियमाची चूक ते स्वतः दुरुस्त करू शकते. 'ळ', 'ण' यांसारखी शब्दागणिक लक्षात ठेवायची चूक असेल तर रेघ मारून उपयोग नाही, तिथे बरोबर शब्द लिहूनच द्यावा. कथेतल्या संवादात पात्र 'मले' म्हणत असेल तर त्याला हात लावू नये. अर्जात आले तर बदलायला सांगावे.

शिक्षकाच्या टेबलावर दामले किंवा वाळंबे यांपैकी एक, महामंडळाचे नियम आणि एक शब्दकोश असावा. अहिराणी मुलांसाठी रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी-मराठी शब्दकोश आहे. तावडीसाठी मात्र स्वतःची वही केलेली बरी: डावीकडे मुलाच्या तोंडून ऐकलेले वाक्य, उजवीकडे त्याचे लेखी रूप, आणि खाली मुलाच्या गावाचे नाव, कारण पहूर कसब्यात जे म्हणतात तेच शेजारच्या शेंदुर्णीला तसेच्या तसे म्हणत असतील असे नाही.